पळस बघायचाय तर होळीची वाट बघू नका

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सलग दोन वर्षं होळीच्या सुट्टीत आम्ही मुरबाड-माळशेजच्या बाजूला पळस बघायला गेलो. २०२४ साली झाडांवर फुलांपेक्षा चपट्या हिरव्या शेंगाच जास्त. २०२५ साली थोडी फुलं दिसली, पण फोटोत सगळं रान पेटलेलं दिसतं तसं काही नाही. नेमका रस्ता आणि नेमकी तारीख सांगाल का? आईला रंगासाठी फुलंही हवी आहेत. गाडी आहे, सोबत सात वर्षांची मुलगी असते, आणि मला वर्षाकाठी जेमतेम एखाददुसरा रविवार मिळतो."

रस्ता तुमचा फारसा चुकलेला नाही. चुकली ती वेळ, आणि थोडी दिशा. दिशेचं नंतर सांगतो, ते ऐकून तुम्हाला हसू येईल. आधी वेळेचं बघू.

होळी आणि पळस ही जोडी आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की होळीला पळस फुललेला असणारच असं आपण धरून चालतो. पण होळी येते फाल्गुन पौर्णिमेला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून होळी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ साली होळी होती ६ मार्चला. त्या वर्षी अधिक श्रावण आला, आणि पुढची होळी गेली थेट २४ मार्चवर. २०२५ साली पुन्हा १३ मार्च. पळसाला अधिक महिना कळत नाही. तो चालतो उन्हावर, जमिनीतल्या ओलीवर आणि सरत्या थंडीवर. तुमचे दोन्ही अनुभव याच्याशी अगदी जुळतात: २४ मार्चला शेंगा, १३ मार्चला उरलीसुरली फुलं. म्हणजे तुम्ही नकळत दोन चांगल्या नोंदी करून ठेवल्या आहेत. त्या वाया गेल्या असं समजू नका.

मग होळीच्या रंगाशी पळसाचं नातं जडलं कसं? माझा अंदाज सरळ आहे. फुलं माघात गोळा करून सावलीत वाळवून ठेवायची आणि रंग पुढे करायचा. वाळलेल्या फुलांनाही रंग उत्तम सुटतो. तेव्हा तुमच्या प्रश्नातले दोन प्रश्न, झाड बघणं आणि आईसाठी फुलं, एकाच दिवशी सुटतील. फक्त तो दिवस होळीचा असणार नाही.

तारखेसाठी मी संक्रांतीचा आधार घेतो. आपल्या मोठ्या सणांत ती एकटीच सूर्याच्या हिशोबाने चालते, म्हणून झाडांशी तिचं जमतं. कल्याणच्या पुढे मुरबाड, शहापूर, कर्जत या पट्ट्यात माझ्या वहीप्रमाणे संक्रांतीनंतर पाच ते सात आठवड्यांत पळसाचा भर असतो. म्हणजे साधारण १८ फेब्रुवारी ते ५ मार्च. काटेसावर त्याच्या आधी, जानेवारीच्या शेवटापासून. पांगारा थोडा मागाहून, फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होऊन मार्चभर रेंगाळतो. तुम्हाला एकच रविवार मिळणार असेल आणि पुढचं काहीही वाचायचं नसेल, तर फेब्रुवारीतला शेवटचा रविवार धरा.

पण ही तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ती कशाकशाने हलते ते सांगतो, कारण तेच कळलं तर दरवर्षी कुणाला विचारावं लागणार नाही.

ही वही कुठून आली तेही सांगायला हवं. मी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, किन्हवली, डोळखांब, म्हसा, कर्जत असा महिन्याचा ठरलेला फेरा, मोटरसायकलवर. डॉक्टर पेशंटमध्ये अडकले की दवाखान्याबाहेर दोन-दोन तास बसून राहायचं. कंटाळ्याने ऑर्डरवहीच्या मागच्या पानांवर वाटेतली झाडं लिहायला लागलो: रस्ता, किलोमीटरचा दगड, झाड आणि त्या दिवशीची अवस्था. अवस्थेला मी पाच शब्द ठरवले होते, काळं, चार फुलं, भर, गळ, शेंगा. नोकरी सुटली, वही सुटली नाही. आता आठ-दहा जणांना घेऊन हिंडतो, पण काम अजून त्याच पाच शब्दांवर चालतं.

त्यातला 'काळं' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवखा माणूस नेमका तोच सोडतो. फुलण्याआधी पळस भिकार दिसतो. पानं बरीचशी झडलेली, आणि फांद्यांच्या टोकांना गडद तपकिरी, मखमली कळ्यांचे घोस. लांबून झाड जळाल्यासारखं, काळपट दिसतं. लोक म्हणतात इथे काही नाही आणि पुढे जातात. वास्तविक असं काळं झालेलं झाड दिसलं की तिथे गाडी थांबवून खूण करायला हवी. तिथून पूर्ण भरावर यायला साधारण दोन आठवडे. भर टिकतो दहा-बारा दिवस, वाऱ्यापावसाने घात केला नाही तर. म्हणजे फुलं शोधायला निघायचंच नाही. आधी काळी झाडं शोधायची.

आता दोन झाडांत फरक किती असतो ते बघा. एकाच बांधावर शेजारी शेजारी दोन पळस, एकाची गळ सुरू झाली तरी दुसरा अजून काळाच, असं मी कितीदा पाहिलंय. गंमत म्हणजे पुढच्या वर्षीही क्रम तोच. म्हशाच्या रस्त्यावरच्या एका शेतकरीमामांनी मला याला शब्द दिला. भातात जसं लवकर येणारं हळवं, मधलं निमगरवं आणि उशिरा येणारं गरवं असतं, तसं झाडांतही असतं म्हणाले. तेव्हापासून माझ्या वहीत हळवा पळस आणि गरवा पळस अशा नोंदी आहेत. तुमच्या वाटेवरचे चार हळवे आणि चार गरवे एकदा ओळखीचे झाले की मोसम कुठे पोचलाय हे दहा मिनिटांत कळतं. हळवा काळा असेल तर घाई नाही. गरवा भरावर असेल तर पुढच्या रविवारवर ढकलू नका.

उंचीनेही फरक पडतो. माळशेजच्या पायथ्याला मोरोशी-वैशाखऱ्याकडे गळ सुरू असताना घाट चढून सुमारे ७०० मीटरवर गेलात तर बऱ्याच वर्षी आठवडाभर मागचं चित्र मिळतं. खाली उशीर झाला असेल तर वर जा, हा नियम पुष्कळदा माझ्या कामी आलाय. दरवेळी नाही.

आणि अवकाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक रात्र वादळी पाऊस झाला की भरावरचं झाड सकाळी रिकामं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात जी गारपीट झाली ती लोकांना द्राक्ष-कांद्यासाठी आठवते, आणि तसंच आठवायला हवं. फुलांचं नुकसान त्यापुढे सांगण्यासारखं नाही. पण तुमचा रविवार अशा रात्रीनंतरचा असेल तर बेत बदला. निदान मुलीला आधीच सांगून ठेवा की आज फुलं वर नाही, खाली बघायची आहेत.

एक कारण मात्र पुस्तकांत सहसा सापडत नाही, ते म्हणजे राब. आमच्या या भातपट्ट्यात पेरणीआधी रोपांची जागा भाजतात, आणि त्यासाठी हिवाळा सरता सरता झाडांच्या फांद्या छाटून वाळवतात. ऐनाचं झाड सगळ्यात जास्त छाटलं जातं, पण हाताशी असेल तर पळसही. छाटलेल्या झाडाला त्या वर्षी फूल कुठून येणार? एका वर्षी मी म्हशाच्या रस्त्यावर एका बांधावरची अकरा पळसांची रांग हेरून ठेवली होती. आधीच्या वर्षी ती अशी फुलली होती की मी मनाशी ठरवलं, पुढच्या खेपेला पहिला थांबा हाच. दोन गाड्या भरून माणसं घेऊन गेलो. अकराच्या अकरा सोटे उभे. शेतमालक तिथेच होते. मी जरा चिडूनच विचारलं, मामा, एवढी सुंदर झाडं का छाटलीत? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, फुलं बघून भात पिकतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती. मी गेल्या वर्षीच्या नोंदीवर विसंबून आलो होतो, जानेवारीत फिरकलोच नव्हतो. हेच मामा पुढे हळवं-गरवं शिकवणारे निघाले, हा भाग वेगळा.

इथपर्यंतचा हिशोब सोपा आहे: संक्रांतीपासून मोजा, काळी झाडं जानेवारीत बघून या, आणि त्या वर्षी झाड छाटलं का ते डोळ्यांनी तपासा. आता रस्ता.

तुम्ही कल्याण-मुरबाड-माळशेज हा हमरस्ता धरलात. तो आता राष्ट्रीय महामार्ग ६१. रुंद, वेगवान, मागून ट्रक. तिथे झाड बघायला कुणी थांबू शकत नाही, थांबूही नये. शिवाय तो रस्ता मोटामोटी पूर्वेकडे जातो. तुम्ही सकाळी निघता, म्हणजे सूर्य थेट समोर. समोरून ऊन असताना लांबचा पळस लाल दिसतच नाही, काळी आकृती दिसते. हीच ती दिशेची चूक. मी स्वतः पहिली दोन वर्षं माळशेजला जाताना "काहीच नाही" असं लिहिलंय आणि त्याच दिवशी दुपारच्या आत, ऊन पाठीशी असताना परतताना त्याच रस्त्यावर सतरा झाडं मोजली आहेत. तेव्हा पूर्वेला जायचं तर दुपारी तीननंतर जा, सूर्य पाठीशी ठेवून. नाहीतर दक्षिणोत्तर जाणारे रस्ते निवडा, म्हणजे दिवसभर एक बाजू उजळलेली मिळते.

असे दोन रस्ते तुमच्या टप्प्यात आहेत. मुरबाडहून म्हशावरून कर्जतकडे जाणारा एक, आणि सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला निघणारा दुसरा. दोन्हींवर गाडी तिशीच्या वेगाने चालवता येते, मागचा हॉर्न वाजवत नाही आणि भाताची खाचरं दोन्ही हातांना पसरलेली असतात. सकाळी जात असाल तर उजव्या-डाव्याचा हिशोब गाडीत बसतानाच करा: पश्चिमेकडची झाडं उजळलेली असणार, मुलीला त्या खिडकीशी बसवा. चालवणाऱ्याने झाडं शोधू नयेत. हे सांगायला लागू नये, पण मी एकदा गाडी चारीत घातलेली आहे.

नजर कुठे ठेवायची? डोंगरावरच्या दाट रानात नाही. पळस हे उघड्यावरचं झाड. बांध, माळ, गावकुसाबाहेरची पडीक जमीन, ओढ्यालगतचं सपाट. गुरं त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत, तोडला तर मुळातून पुन्हा फुटतो, पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तरी सोसतो. म्हणून जिथे बाकीची झाडं माणसाने आणि गुरांनी संपवली तिथे हा शिल्लक दिसतो. सावर शोधायची तर गावाजवळ आणि ओढ्याकाठी, जिथे माती खोल आहे. ती उंच असते, आडव्या फांद्यांच्या मजल्यांवरून लगेच ओळखू येते. पांगारा कुंपणाला आणि उतारावर. धायटी हे झुडूप आहे, डोंगरउताराच्या कातळात, बारीक लाल नळ्या फांदीभर. गाडीतून ती दिसतच नाही, पायउतार व्हावं लागतं.

गावांची नावंही बोलतात. कर्जतजवळची पळसदरी, पनवेलचं पळस्पे, उजनीकाठचं पळसदेव, धुळे जिल्ह्यातलं पळसनेर. १७५७ ची लढाई झाली ती बंगालमधली प्लासी म्हणजे पलाशी, तीही पळसाचीच. सावरगाव आणि पांगरी नावाची गावं तर महाराष्ट्रात किती असतील. पण नाव पडलं तेव्हाची झाडं आज असतील असं नाही. पळस्पे फाट्यावर आज उभं राहून बघा.

आता फोटोंबद्दल. रान पेटल्यासारखं दिसतं ते पुष्कळदा लांब भिंगाची करामत असते. पाचशे मीटरवर विखुरलेली सहा झाडं अशा भिंगातून एकमेकांना चिकटून दिसतात, वर कुणीतरी रंग दोन घरं वाढवलेला असतो. ठाणे-रायगडच्या आतल्या भागात पळस सुटासुटा आहे, बांधाबांधाने. वहीत 'भर' लिहिलेल्या दिवशीही मी कधी एका नजरेत वीस-पंचवीसच्या वर झाडं मोजलेली नाहीत. खरोखर माळच्या माळ पेटलेला बघायचा असेल तर विदर्भात जा. नागपूर-उमरेड, रामटेकचा भाग, भंडारा-गोंदियाकडची गावं. तिथल्या मोकळ्या जमिनींवर पळस असा माजलेला आहे की तिथल्या माणसाला त्याचं कौतुक करणारा मुंबईकर विनोदी वाटतो. तुमच्या एका रविवारात ते बसणार नाही म्हणून सांगत नव्हतो, पण अपेक्षा नीट असावी.

लाल दिसलं म्हणून फूल समजू नका, हेही आलंच. मार्चमध्ये कुसुमाची नवी पालवी इतकी लालभडक असते की मी मी म्हणणारे फसतात. मी एकदा एका गटाला अर्धा तास चालवत नेलं आणि तिथे पोचल्यावर ती पानं निघाली. पण कुणी तक्रार केली नाही, पालवी होतीच तशी. पानझडीत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडं रस्त्याकडेला रांगेने दिसली तर ते बहुधा गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं, आपल्याकडे मुद्दाम लावलेलं. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर जी गुलाबी झाडं दरवर्षी गाजतात तो टॅबेब्युया, तोही परदेशी. बघायला मनाई नाही, डोळ्यांना परदेशी-देशी कळत नाही. वहीत मात्र वेगळ्या पानावर लिहा.

तुमची खरी अडचण म्हणजे एकच रविवार. यावर माझा उपाय असा की तो एक रविवार नीट वापरायला दुसरा अर्धा दिवस खर्च करायचा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी, एवढंच. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, गुरांचा बाजार, घोंगड्या, मिठाई, पाळणे. मुलीला त्यात जास्त रस असेल. तीही पौर्णिमाच, म्हणजे पुढेमागे होणारी. पण जत्रा काही दिवस चालते आणि काही वर्षी नेमकी जानेवारीच्या उत्तरार्धात येते. तसं जुळलं तर सोन्याहून पिवळं. वाटेत सावरीची पहिली फुलं बघा आणि पळसाची काळी झाडं मोजा. छाटलेली सोडून द्या.

त्याच फेरीत वाटेतल्या एखाद्या टपरीवर चहा घ्या, नाश्ता करा, गप्पा मारा. समोर एखादा पळस दिसत असेल अशी टपरी निवडा. निघताना सांगा, दादा, हे झाड लाल झालं की एक फोटो पाठवा. माझ्याकडे अशा चार टपऱ्या आहेत. हवामानखात्यापेक्षा माझा त्यांच्यावर भरवसा जास्त आहे. एसटीचे चालक-वाहक आणि दूधवाले हेही पक्के खबरी, रोज तोच रस्ता तुडवतात. विचारताना मात्र "रानफुलं कुठे आहेत" असं विचारू नका. त्या शब्दाला समोरचा गोंधळतो, किंवा तुम्हाला रिसॉर्टचा रस्ता दाखवतो. "मावशी, औंदा पळस फुलला का? कोणच्या अंगाला?" असं विचारा. मग उत्तर येतं, आणि सोबत सावरीचं, करवंदांच्या फुलोऱ्याचं, कुठल्या वाडीवर यंदा वणवा लागला त्याचंही.

मोबाइलवरची मदतही घ्यावी. आयनॅचरलिस्टवर लोक तारीख-ठिकाणासह नोंदी टाकतात. त्यात गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्या तालुक्यातला पळस कुठल्या आठवड्यात दिसला ते चाळून बघा. सीझनवॉच नावाचा देशभरचा उपक्रम आहे, त्यात एकच झाड निवडून दर आठवड्याला पान-फूल-फळ नोंदवायचं असतं. तुमच्या मुलीला डोंबिवलीतच एखादं झाड निवडून द्या. सात वर्षांच्या पोराला चाळीस किलोमीटर लांबच्या झाडापेक्षा शाळेच्या वाटेवरचं झाड लवकर आपलंसं होतं. घराजवळ पळस असेल तर तो तुमचा खबरीही होईल. शहरातला पळस आणि मुरबाडचा पळस यांत माझ्या अंदाजाने दोन-चार दिवसांपेक्षा जास्त फरक नसतो.

प्रत्यक्ष दिवशी साडेपाचला घर सोडा, सातच्या आत मुरबाडच्या पुढे असा. कारण पाखरं. फुललेल्या पळसावर किंवा सावरीवर सकाळी जो कलकलाट असतो तो दहा वाजता नसतो. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा. भोरडीला पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. पानं नसलेल्या झाडावर हे सगळं उघड्यावर चाललेलं असतं. झाडाचाही त्यात स्वार्थ आहे. कोरड्या दिवसांत पानं टाकून पाणी वाचवायचं, फुलं लांबून दिसतील अशी मांडायची, मध पाजून पाखरांकडून परागाची ने-आण करून घ्यायची, आणि पावसाआधी बी जमिनीवर पोचवायचं. पळसाची शेंग मे-जूनच्या सुमाराला गळते, चपटी, कागदासारखी, टोकाला एकच बी. तुमच्या २४ मार्चच्या शेंगा त्याच कामाला लागल्या होत्या. साडेदहानंतर ऊन आणि राबाचा धूर, दोन्ही चढतात. तेव्हा जेवायला बसावं.

खाली पडलेली फुलं वाचायला शिका. झाडाखाली ताजी केशरी फुलं विरळ पडली असतील तर भर आहे. गालिचा झालाय आणि त्यात तपकिरी, सुकलेली जास्त, तर तुम्ही आठवडाभर उशिरा आलात. गरवं झाड शोधा किंवा वर सरका. मुलीच्या हातात एक फूल उलटं धरून द्या, पोपटाची चोच दिसेल. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" माझ्या अनुभवात मुलं हा शब्द विसरत नाहीत.

चार गोष्टी वागण्याच्या. बांध कुणाचा तरी असतो. भात निघाल्यावर खाचरं रिकामी दिसतात, पण पुष्कळ ठिकाणी त्यात वाल किंवा हरभरा उभा असतो, तो तुडवू नका. माणूस दिसला तर आधी हाक मारून विचारा. फांद्या मोडू नका, गळालेली फुलं हवी तेवढी मिळतात. आणि कधी पिवळा पळस दिसलाच, तर आनंदाने बघा आणि ठिकाण जाहीर करू नका. त्याच्याभोवती गुप्तधनापासून जादूटोण्यापर्यंत इतक्या समजुती आहेत की झाड कळलं की लोक ते साल-मुळांसकट ओरबाडतात. मला दोन ठाऊक आहेत. कुठे, ते माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, कारण ती तिच्या बहिणीला सांगेल.

मार्चच्या अखेरीलाच सवड मिळाली तर? मग पळसाचा हट्ट सोडा. नेरळहून माथेरानला जा, अंजनी फुललेली असण्याची चांगली शक्यता असते, फांद्यांना चिकटलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके. कुसुमाची पालवी बघा. एप्रिल-मेमध्ये बहावा, त्यासाठी कुठे जायलाही नको. तो फुलला की दीड महिन्याने पाऊस, असं म्हणतात. माझ्या वहीत हे काही वर्षी जुळलंय, काही वर्षी सपशेल फसलंय.

राहिली आईची फुलं. गळालेली, त्याच दिवशीची, केशरी फुलं वेचा. तपकिरी झालेली नकोत. कापडी पिशवी न्या, प्लॅस्टिकमध्ये ती गाडीतच घामेजतात. घरी आल्यावर वर्तमानपत्रावर एकेरी थरात पसरून सावलीत, पंख्याखाली चार-पाच दिवस वाळवा. चुरचुरीत झाली की डब्यात भरा, होळीपर्यंत छान टिकतात. आदल्या रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी मंद आचेवर उकळी आणून गाळा. पिवळा-केशरी रंग येतो. चिमूटभर चुना टाकला तर तो गडद केशरी होतो, पण चुन्याचा रंग कापडासाठी. मुलीच्या अंगावर उडवायचा असेल तर चुना नको.